आधीच धरलेले चार इंच

४ ऑगस्ट

अक्का,

नमस्कार करते आणि लगेच मुद्द्यावर येते, कारण हे आत झोपलेत तोवरच मला लिहिता येणार आहे. फोन करणार होते, पण आमचं घर तुम्हाला माहीत आहे. पुढे शिलाईचं दुकान, मागे खोली, मध्ये पडदा. इथे शिंकलं तरी आतून विचारतात, सर्दी झाली का. तुमच्या वसतिगृहाचा फोन ऑफिसात, आणि तुम्ही मेट्रन असलात तरी कारकूनबाईंचे कान तुमच्या ताब्यात नाहीत, असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणून पत्र.

यांच्या आतड्यातली गाठ काढली, ऑपरेशन चांगलं झालं, इथपर्यंत तुम्ही पाहून गेलात. पुढे डॉक्टरांनी औषधाचे सहा डोस सांगितलेत. दर तीन आठवड्यांनी एक, सलाइनमधून, सकाळपासून दुपारपर्यंत. सहाही झाले पाहिजेत, मध्ये सोडून चालायचं नाही, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. दोन झाले. तिसरा वीस तारखेला. एका डोसला दुकानाची तीन महिन्यांची कमाई जाते, आणि मास्तर म्हणजे हेच आडवे झाल्यापासून दुकानाला कमाई म्हणावी अशी कमाईच नाही.

यांना मी सांगितलंय की सगळा खर्च शिंपी संघटनेच्या मदतनिधीतून होतोय. खरं म्हणजे निधीतून मिळालं ते पहिल्या डोसलाही कमी पडलं. दुसऱ्यासाठी माझी साखळी गेली आणि काजं करायची मशीन गेली. मशीन दुरुस्तीला दिली म्हणून सांगितलं. साखळीचं यांच्या लक्षात यायचं नाही. बावीस वर्षांत हातात टेप नसताना यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलेलं मला आठवत नाही.

आता खरी गोष्ट. बस कंपनीच्या ड्रायव्हरांचे छत्तीस कोट शिवायचं काम यांनी आजारी पडायच्या आधी घेतलं होतं. मापं घेऊन वहीत लिहून ठेवली होती. परवा कंपनीचा अधिकारी काम परत घ्यायला आला. हे झोपले होते. मी त्याला म्हटलं, मास्तर करून देतील, नऊ सप्टेंबरला माल घेऊन जा. तो भला माणूस, आगाऊ रक्कम देऊन गेला. त्यात तिसरा डोस होईल. माल दिल्यावर जे मिळेल त्यात चौथा आणि पाचवा. सहाव्याचं तेव्हाचं तेव्हा बघू.

मास्तर कुठले करून देणार, उठून बसले तरी दमतात. कापतेय मी. अक्का, तुम्ही शिंप्याच्या घरातल्या, तुम्हाला काय सांगायचं. तुमच्या वडिलांपासूनचा नियम, कापड कापायचं ते मास्तरने, बाकीच्यांनी शिवायचं. लग्न झाल्यापासून मी शिवतेय, पण कापडाला कधी कात्री लावलेली नाही. यांना कळलं तर आजारपण राहील बाजूला. म्हणून शेजारच्या इस्त्रीवाल्या काकांच्या टेबलावर कापते आणि घरी आणून शिवते. काजं करायला लेक गाठोडं घेऊन कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जाते, कारण मशीन आता त्याच्याचकडे आहे. यांना सांगितलंय की शाळेचे गणवेश आहेत.

तुमच्याकडे एकच मागणं. यांना लिहाल तेव्हा लिहा की संघटनेचा निधी चांगला आहे, तुमच्याही कानावर आहे. तुमचा शब्द हे खाली पडू देत नाहीत. पैसे मात्र पाठवू नका. ते तुम्ही खोली घ्यायला साठवलेत, मला माहीत आहे, आणि ह्यांना कळलं तर ते औषधाची सुई हाताने उपटून टाकतील.

लेक म्हणते, एक वर्ष कॉलेज थांबवते. मी म्हटलं, तू थांबव, मग मी तुला जेवायला वाढायचं थांबवते. सध्या तो विषय मिटलाय.

तुमची भावजय

११ ऑगस्ट

बाईसाहेब,

आधी रागावून घेते, मग कामाचं. मी तिथे आठ दिवस राहून गेले आणि तू मला चहा-बिस्किटं देत बसलीस. पैशाचं एक अक्षर बोलली नाहीस. तुझ्या त्या पडद्याला कान असतील, पण आपण बाजारात गेलो होतो तेव्हा काय झालं होतं? रागावून झालं.

खोटं बोलायची काळजी करू नकोस. चाळीस मुलींच्या आईबापांना मी रोज सांगते की तुमची पोरगी फार अभ्यास करते. त्यात आणखी एक. तुझ्या नवऱ्याला, माझ्या बटण्याला, आजच लिहिते. (त्याला बटण्या का म्हणतात हे लेकीला सांगितलंयस ना? चार वर्षांचा असताना बाबांच्या डब्यातलं पितळी बटण गिळलं होतं. दोन दिवस सगळं घर त्याच्या मागे.)

पण माझं ऐकायचं असेल तर त्याला सांगून टाक. खोटं एक असतं तोवर सांभाळता येतं. तुझी आत्ताच तीन झाली आहेत, निधी, मशीन आणि गणवेश. शिवाय साखळी. तो कोट शिवणारा माणूस आहे, आतली शिवण पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

खोलीच्या पैशांचं तू म्हणतेस ते खरं आहे. मार्चमध्ये मी निवृत्त होणार, तेव्हा वसतिगृहातली ही जागा सोडावी लागेल. त्यासाठी साठवलेत. पण ते पैसे माझे आहेत आणि कुठे घालायचे ते मी ठरवीन. तू नको म्हणालीस म्हणून आज पाठवत नाही. हट्ट करायला मलाही येतं, एवढं लक्षात ठेव.

कापताना घाई करू नकोस. आणि वेळेवर जेव.

अक्का

२२ ऑगस्ट

अक्का,

तिसरा डोस परवा झाला. हात अजून कापतो, अक्षर लावून वाच. बाकी ठीक. तोंडाला चव नाही, पाण्यालासुद्धा लोखंडाचा वास येतो.

तुझं पत्र मिळालं. निधीची फार तारीफ लिहिलीस. तुला खोटं लिहिता येत नाही. "माझ्याही कानावर आलंय" हे वाक्य तू जन्मात कधी वापरलेलं नाहीस. कानावर आलेल्यावर तुझा विश्वास नसतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

निधीचं मला महिनाभरापूर्वीच कळलं. संघटनेचे खजिनदार भेटायला आले होते. एवढीच मदत करू शकलो म्हणून बिचारे माफी मागत होते. मशीन दुरुस्तीला दिली म्हणते, आणि दुरुस्तीवाला स्वतः मला बघायला येऊन गेला, त्याला मशीनचा पत्ता नाही. तिच्या गळ्यात साखळी नाही हेही मी पाहिलंय. कॉलरची मापं घेऊन घेऊन माझी नजर माणसाच्या गळ्यावरच आधी जाते. मी बोललो नाही. बोललो तर ती रडेल, आणि आता तिला रडायलाही फुरसत नाही.

आता जे लिहितो ते तिला कळता कामा नये. ती म्हणते, शाळेचे गणवेश शिवतेय. पडद्याआडून मी मशीनचा आवाज ऐकतो. अस्तराचा कोट शिवताना मशीन वेगळं चालतं, दर वळणाला थांबतं. कोटच आहेत. बस कंपनीने आपलं काम एव्हाना परत नेलं असणार, मी आडवा पडल्यावर कोण थांबतं. आणि मी कापलेले नाहीत, तर मग कोणी कापले? परवा खिडकीतून लेक दिसली, कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानातून गाठोडं घेऊन येत होती. म्हणजे माझी बायको माझ्याच दुकानात बसून त्याचा कापलेला माल मजुरीवर शिवतेय. या माणसाने दोन वेळा माझं दुकान विकत मागितलंय. मला राग नाही आला. फार वाईट वाटलं.

म्हणून मी ठरवलं आहे. चौथा डोस दहा सप्टेंबरला आहे, तो मी घेणार नाही. आदल्या दिवशी सांगेन की डॉक्टरांचा निरोप आला, तीन पुरेत. गाठ काढलेली आहे. ती परत येईल किंवा येणार नाही. पैसे मात्र नक्की जातील. तीन डोसांत साखळी आणि मशीन गेली, पुढच्या तिनांत दुकान जाईल. मग या दोघींनी राहायचं कुठे आणि करायचं काय? दुकान राहिलं तर त्यांच्यापाशी काहीतरी असेल.

ती तुला विचारील. तेव्हा तू सांगायचंस की तुझ्या ओळखीच्या कोणाला तरी तीनच डोस दिले होते आणि तो माणूस आता धडधाकट आहे. एवढं कर. आणि तुझ्या खोलीच्या पैशांचा विचारही मनात आणू नकोस. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, लग्न केलं नाहीस, पहिली मशीन तुझ्या पगारातून आली. आता पुरे.

तुझा
बटण्या

२६ ऑगस्ट

बटण्या,

तुझं पत्र मी चार दिवस उशीखाली ठेवलं होतं, असं लिहिणार होते, पण ते कालच आलं. एका रात्रीत माझी चार रात्रींची झोप उडाली, एवढंच.

मी घाबरले आहे. तुला असं कधी लिहिलेलं नाही. आई गेली तेव्हाही तुझ्यासमोर मी घाबरले नव्हते, कारण तू सहा वर्षांचा होतास आणि तुझ्यासमोर घाबरून चालणार नव्हतं. आता तू पन्नाशीला आलास, तेव्हा सांगायला हरकत नाही.

तीन डोसांवर धडधाकट झालेला कोणी माझ्या ओळखीचा नाही, आणि असता तरी मी त्याचं नाव सांगितलं नसतं. तुझ्यासाठी एवढं खोटं मी बोलणार नाही.

तिला कळवणारही नाही, आत्ता तरी. पण दोन गोष्टी कर. दहा तारखेच्या आत काहीही ठरवून मोकळा होऊ नकोस. आणि हे कोट कोणी कापले ते तिला सरळ विचार. कोपऱ्यावरच्याने कापले हे तुला कोणी सांगितलं? गाठोड्याने? तू माप न घेता कापडाला हात लावत नाहीस. मग बायकोच्या बाबतीत अंदाजाने का चालतोस?

औषधाच्या गोळ्या जेवणानंतर घे, आधी नाही. आणि पाण्याला वास येत असेल तर त्यात लिंबू पीळ. इथल्या एका मुलीच्या आईला तेवढ्याने बरं वाटायचं.

अक्का

३० ऑगस्ट

अक्का,

माझ्या हातून मोठा घोटाळा झाला आहे. हे पत्र मी काकांच्या इस्त्रीच्या टेबलावर लिहितेय, आणि समोर कोटांचा ढीग आहे.

छत्तीसच्या छत्तीस कोट शिवून झाले. बटणं लागली, काजं झाली. मला इतकं बरं वाटत होतं. आज दुपारी कंपनीच्या दोन ड्रायव्हरांना सुट्टी होती, त्यांना म्हटलं या, घालून बघा. पहिल्याने घातला. खांदे बरोबर, बाह्या बरोबर, लांबी बरोबर. पण छातीपासून खाली कोट नुसता लोंबतोय. त्याने आत जेवणाचा डबा धरून दाखवला आणि वर बटणं लावली. लागली, अक्का. दुसऱ्याचंही तेच. मग काकांनी निरनिराळ्या मापांचे सात-आठ कोट टेपने मोजले आणि वहीशी ताडून पाहिले. सगळे वहीपेक्षा बरोबर चार इंच मोठे, म्हणजे सगळे सारखेच कापलेत आणि सगळेच लोंबणार.

मी मापं दोनदा तपासली. वहीत जे आहे तेच धरलं. छातीच्या मापात कोटाला चार इंच सैल ठेवायचं असतं, हे शिवणारणीलाही ठाऊक असतं. ते मी धरलं. आणखी एक इंचही दिला नाही. एखाद्या कोटाची ट्रायल आधी घ्यायला हवी होती, पण ड्रायव्हर दिवसभर रस्त्यावर, आणि यांच्या वहीतलं माप चुकत नाही ह्या भरवशावर मी राहिले. आता मला वाटतं, नियम होता तो उगीच नव्हता. माझ्या हातात कात्री द्यायला नको होती, आणि ती मीच घेतली.

माल नऊ तारखेला द्यायचाय. डोस दहाला. कोट घेतले नाहीत तर कंपनी आगाऊ रक्कमही परत मागेल, आणि ती तर तिसऱ्या डोसात गेली.

आणि नेमकं आजच यांनी विचारलं. मी ड्रायव्हरांना घालवून घरात गेले तर उठून बसले होते. म्हणाले, हे कोट कोणी कापलेत? असं सरळ. मी कापलेत म्हणाले असते तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं, आणि तेही आज, हा असा माल पुढ्यात असताना. मी म्हटलं, कोपऱ्यावरच्यांनी. यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. तेव्हापासून बोललेले नाहीत. एवढा कशाचा राग आला ते मला कळत नाही.

काय करू ते सांगा. छत्तीस कोट मी एकटी उसवू शकत नाही.

तुमची भावजय

२ सप्टेंबर, कुरिअरने

पोरी,

तुझ्या कात्रीत काही खोट नाही. दोष आमच्या बाबांचा आहे, आणि तो आता मलाच सांगायला हवा.

लहानपणी बाबा माप घ्यायचे आणि मी वहीत लिहायचे. बाबा छातीचा आकडा सांगायचे तो चार इंच वाढवूनच. म्हणायचे, वहीत माणूस जेवून उठलेला असावा. म्हणजे कापताना पुन्हा काही धरायचंच नाही, वहीतलं माप तेच कापायचं. बाकी सगळं जग अंगाचं माप लिहितं आणि नंतर सैल धरतं. आमच्या घरात आधी धरतात. बटण्या हे बाबांकडूनच शिकला, आणि कापणारा तोच एकटा असल्यामुळे कोणाला सांगायची त्याला कधी गरज पडली नाही. तू वर आणखी चार धरलेस. एवढंच झालंय.

मोठा झालेला कोट लहान करता येतो. खांदे बरोबर आहेत म्हणजे वाचलीस. पण दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घ्यायच्या, अस्तरासकट, आणि काखेत बाही बसवायची, तर खूण करायला मास्तरच लागेल. तुझं सगळं आयुष्य त्याच्या शेजारी शिवण्यात गेलं, आता त्याला तुझ्या शेजारी बसव.

आता जे करतेय त्याबद्दल मला शिव्या घातल्यास तरी चालेल. सोबत बटण्याचं पत्र आहे, बावीस ऑगस्टचं. तुला कळता कामा नये असं त्याने लिहिलंय. वाच. तुझी दोन्ही पत्रं मी याच कुरिअरने त्याला पाठवली आहेत. दोघांनी माझ्यावर विश्वास टाकला आणि दोघांचाही मी मोडला. चाळीस मुलींची गुपितं या पोटात आहेत, एकही बाहेर आलेलं नाही. पण तुम्ही दोघं एकाच छपराखाली राहता, आणि एकमेकांची खबर दोनशे मैलांवर बसलेल्या म्हातारीकडे आहे. दहा तारीख जवळ आली आहे, मला दुसरं काही सुचत नाही.

अक्का

२ सप्टेंबर, कुरिअरने

बटण्या,

सोबतची दोन पत्रं वाच. आधी चार ऑगस्टचं, मग तीस तारखेचं. कोपऱ्यावरच्याने फक्त काजं केली आहेत. कोट तुझ्या बायकोने कापलेत, तुझ्या वहीवरून, आणि तू वहीत चार इंच आधीच धरतोस हे तिला बावीस वर्षांत सांगितलं नाहीस.

तुझं पत्र तिच्याकडे गेलंय. माझ्यावर रागावून झालं की तिच्याशी बोल.

अक्का

१२ सप्टेंबर

अक्का,

एक दिवस तुमच्यावर इतका राग होता की पत्र लिहिलं असतं तर तुम्ही फाडून टाकलं असतंत. दुसऱ्या दिवसापासून रागवायला वेळ झाला नाही. आता सगळं सांगते.

पाकिटं तीन तारखेला दुपारी आली. यांचं यांना दिलं आणि माझं घेऊन मी काकांच्या दुकानात गेले. "चौथा डोस घेणार नाही" हे मी तीनदा वाचलं. काकांनी इस्त्री बंद करून ठेवली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी रडले, मग तोंड धुतलं, मग मला असा संताप आला की चप्पल न घालताच घरी गेले.

हे पलंगावरून पाय खाली सोडून बसले होते. मांडीवर माझी पत्रं. मीच म्हटलं,

"मला न विचारता मरायचं ठरवलंत तुम्ही."

हे म्हणाले, "तू मला न विचारता कापलंस."

अक्का, हे चेष्टा करत नव्हते. अगदी गंभीरपणे, हिशोब बरोबरीत आल्यासारखे म्हणाले. मला आधी काही कळेना, आणि मग हसू आलं. ते थांबेना. हसता हसता पुन्हा रडू आलं. यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, वही आण.

मग एक कोट मागितला. मांडीवर पसरला, उलटा केला, बाजूच्या शिवणीवरून खालपर्यंत बोट फिरवलं. मागचा भाग पुढच्या भागावर ठेवून पाहिला. म्हणाले, "कापलंय सरळ." बावीस वर्षांत माझ्या कामाबद्दल यांनी इतकं लांबलचक वाक्य बोललेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरुवात केली. हे पलंगावर बसून खडूने खुणा करायचे. लेक अस्तर उसवायची, मी मशीनवर, काका इस्त्रीवर. दिवसाला सात कोट. यांच्याने सलग अर्ध्या तासावर बसवत नव्हतं. मग आडवे पडून सांगायचे, डावीकडे दोरा जास्त ओढतेयस, आवाजावरून कळतंय. भांडलोही पुष्कळ. साखळीवरून, मशीनवरून, हे डोस सोडणार होते त्यावरून. मी एकदा इतकी ओरडले की काकांनी इस्त्री झालेल्या कोटावर पुन्हा पाणी शिंपडलं आणि पुन्हा इस्त्री करत बसले. सगळं बोलून झाल्यावर पडदा मी काढूनच टाकला. मध्ये मध्ये येत होता.

नऊ तारखेला संध्याकाळी अधिकारी चार ड्रायव्हर घेऊन आला. यांनी प्रत्येकाला कोट घालून खुर्चीवर बसायला लावलं, हात पुढे करायला लावले, गाडीचं चाक धरल्यासारखे. कुठे ओढत नव्हतं. छत्तीस कोट गेले. पैसे पूर्ण मिळाले.

दहाला सकाळी मी अजून विचारतेय की यायचं ना, तर हे बूट घालून दारात उभे. चौथा झाला. दोन दिवस त्रास झाला नेहमीसारखाच. आज जरा जेवले.

पुढचं तेच लिहिणार आहेत. मला दाखवणार नाही म्हणाले, मग स्वतःच म्हणाले, दाखवतो.

तुमची भावजय

१५ सप्टेंबर

अक्का,

हे पत्र ती शेजारी बसून वाचतेय, तेव्हा तिच्याबद्दल चांगलंच लिहावं लागेल.

दहा तारखेला सलाइन चालू असताना मी डॉक्टरांना पहिल्यांदा स्वतः विचारलं. तोवर सगळं तीच विचारत होती. सहाही घेतले तर काय आणि चारवर थांबलो तर काय. डॉक्टर म्हणाले, हमी कोणी देत नाही, पण सहा घेतले तर गाठ परत यायची भीती पुष्कळ कमी होते. चारवर थांबलात तर घेतलेल्या चारांचाही नीट उपयोग होईल असं सांगता येत नाही. एवढी साधी गोष्ट मी विचारली नव्हती आणि ठरवून मोकळा झालो होतो.

बाहेर बाकावर बसलो तेव्हा मी तिला म्हटलं, मी थांबलो असतो तर दुकान तरी तुला राहिलं असतं. ती म्हणाली, "राहिलं असतं. पण त्यात मी भांडू कोणाशी?"

कामाचं लिहितो. चौथ्याचे भरले. पाचवा एक ऑक्टोबरला, त्याचे बाजूला ठेवलेत. बस कंपनीच्या अधिकाऱ्याने वाहकांचे कोटही आम्हालाच द्यायचं कबूल केलंय, पण ते डिसेंबरात. ती कापील, मी मापं घेईन. मापं आता अंगाचीच लिहायची असं ठरलंय. बाबांची पद्धत बंद केली, तुला वाईट वाटू नये.

सहावा बावीस ऑक्टोबरला आहे. त्याचे पैसे आमच्याकडे नाहीत आणि तोपर्यंत येणारही नाहीत. आम्ही तीन दिवस सगळ्या बाजूंनी विचार केला. काल तिने टेप घेऊन मागची खोली मोजली. माझी शिलाईची जुनी फळी काढली तर खिडकीपाशी एक पलंग बसतो, शेजारी कपाटही राहतं. मार्चमध्ये तू इकडे राहायला यायचंस. हे मी सुचवलं नाही, तिने सुचवलं आणि लेकीने पलंग कुठे ठेवायचा यावर वादही घातला. तेव्हा तुझी खोली घ्यायची राहिली तरी तुला जागा आहे.

आजवर तू दिलंस ते मी घेतलं, पण मागितलं कधीच नाही. लहान असताना मागायची वेळच तू येऊ दिली नाहीस, आणि मोठा झाल्यावर मला लाज वाटायची. गेल्या महिन्यात मी तुला लिहिलं की खोलीच्या पैशांना हात लावू नकोस. ते मी मागे घेतो. ते पैसे मला दे.

अक्का, मला जगायचं आहे. मला सहावा डोस हवा आहे.

तुझा
बटण्या